अश्वत्थाम्याची जखम



आजच्या व्याख्यानासाठी मी चालकांना विषय कळविला तो असा : ‘अद्भुत महाकथांतील नायकांचे दोष आणि त्यांची नैतिक वाढ.’ येथे येताना बाहेरच्या फळ्यावर ते नाव पाहिले, आणि लिहिणाऱ्याची मला दया आली. दोन ओळींत ते मावले नव्हते. कळसाडीत बोलावयाचे असताना इतके लांब नाव देण्याची खरोखर गरज नव्हती. उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्या रांगेत अस्तंभा आहे. ‘अस्तंभ्याविषयी बोलतो’ एवढे म्हटले असते तरी तुम्ही मंडळी आला असता, आणि मलाही तेच म्हणावयाचे आहे.

धडगाव तालुक्यातले हे शिखर सुमारे सव्वातेराशे मीटर उंच. धनत्रयोदशीच्या सुमारास तेथे यात्रा भरते, हे मी तुम्हांला काय सांगावे? तुमच्यापैकी कित्येकांनी ती केलेली असेल. मी पंधरा वर्षांचा असताना वडिलांबरोबर गेलो होतो. रात्रीची चढण, पुढेमागे निशाणे, बॅटऱ्यांचे उजेड, आणि आमच्यापुढे चालणारे एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी मला बजावले होते, “रात्री कोणी तेल मागितले तर चेहऱ्याकडे बघू नकोस. तेल मात्र दे.” वडिलांच्या पिशवीत गोडेतेलाची एक छोटी बाटली होती. ती कशासाठी घेतली हे त्यांनी मला सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नाही.

अश्वत्थामा या दऱ्याखोऱ्यांत अजून हिंडतो, त्याच्या कपाळावरची जखम भळभळते, आणि तो वाटसरूंकडे तेल मागतो, ही कथा आपल्याकडे आजीच्या मांडीवर ऐकावयास मिळते. महाभारताच्या शेकडो पात्रांतून या डोंगराने निवडला तो हाच. ज्याने झोपलेल्या माणसांना मारले, ज्याने गर्भातल्या मुलावर अस्त्र सोडले, त्याच्या नावाने माणसे दिवाळीत डोंगर चढतात! असे का व्हावे, हा प्रश्न माझ्या मनात त्या रात्रीपासून आहे.

आधी थोडे वाङ्मयाविषयी बोलतो. ते लवकर आटोपेन. मराठी कादंबरी लहानपणी वाढली ती बहुतांशी अद्भुताच्या घरी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. या कादंबऱ्यांतील नायक पहिल्या पानावर जितका सद्गुणी असतो तितकाच शेवटच्या पानावर असतो. मध्यंतरी त्याच्यावर संकटे येतात, पण ती बाहेरून येतात. पावसासारखी येतात आणि जातात. नायक ओला होतो, वाळतो, आणि त्याचे लग्न होते. मी त्यांची थट्टा करीत नाही. त्या वाचकांना त्या गोष्टींनी भरपूर आनंद दिला, आणि वाचनाची गोडी लावली हे उपकार लहान नव्हेत. परंतु ज्याच्यात दोषच नाही त्याची वाढ होणार कशी? वाढावयाला कोठेतरी उणे असावे लागते.

व्यासांची रीत अगदी उलटी. त्यांच्या ग्रंथात निर्दोष माणूस शोधावयास निघालात तर रिकाम्या हाताने परत याल. पुढे आपल्या लेखकांनी ही रीत पुन्हा हाती धरली. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली, आणि त्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’. इरावतीबाईंनी द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांचा विचार एकत्र केला आहे, आणि तो परधर्माच्या अंगाने केला आहे : ब्राह्मणांनी क्षत्रियांचे काम पत्करले आणि घात झाला. बाईंच्या बुद्धीपुढे मी नम्र आहे. पण एवढ्याने माझे समाधान होत नाही. कृपाचार्यही ब्राह्मणच होते, तेही शस्त्र घेऊन लढले, आणि त्या रात्री ते अश्वत्थाम्याच्या बरोबर होते. तरीही त्यांची जखम भळभळत नाही.

म्हणून अश्वत्थामा मुळापासून पाहू. हा काही जन्मतः दुष्ट मुलगा नव्हे. आदिपर्वात द्रोण सांगतात की इतर मुले दूध पिताना पाहून हा रडू लागला, तेव्हा त्या मुलांनी याला पाण्यात पीठ कालवून दिले आणि हा ‘दूध प्यालो’ म्हणून नाचला. ज्यांनी गरिबी पाहिली आहे त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोठेपणी विराटनगराच्या वेशीवर कर्ण फुशारकी मारू लागला तेव्हा, द्यूतात कपटाने मिळविलेल्या राज्याचा कसला गर्व, असे त्याला तोंडावर सुनावणारा अश्वत्थामाच. दुःशासन पडल्यावर दुर्योधनाचा हात हाती घेऊन ‘आता तह कर’ म्हणून विनविणाराही तोच. म्हणजे नीती त्याला कळत होती. कौरवांच्या बाजूच्या पुष्कळांपेक्षा अधिक कळत होती.

मग उणे कोठे होते? व्यासांनी ते सौप्तिकपर्वात एका छोट्या गोष्टीत सांगून ठेवले आहे, आणि ती गोष्ट आपल्या कीर्तनांतून फारशी येत नाही. द्रोणांनी ब्रह्मशिर नावाचे अस्त्र अर्जुनाला दिले. मुलाला ते सहन होईना, त्याने मागितले. बापाने दिले, पण मनापासून दिले नाही. मुलाचा उतावळा स्वभाव त्यांना ठाऊक होता. माणसांवर हे कधी सोडू नकोस असे त्यांनी बजावले, आणि तू सज्जनांच्या वाटेवर टिकणार नाहीस असेही बोलून दाखविले. पुढे पांडव वनात असताना हा द्वारकेला गेला आणि कृष्णाला म्हणाला, माझे ब्रह्मशिर घे आणि तुझे सुदर्शन मला दे. कृष्णाने सांगितले, तुझे अस्त्र तुझ्यापाशीच राहू दे. चक्र पाहिजे तर उचलून ने. याने डाव्या हाताने ओढले, उजव्या हाताने ओढले, सर्व बळ लावले. ते हलले नाही. मग कृष्णाने विचारले, हे घेऊन तू लढणार होतास कोणाशी? याने खरे ते सांगितले : तुझ्याशीच!

हे उत्तर मला मोठे विलक्षण वाटते. त्यात लबाडी नाही, एक प्रकारचे भोळेपणच आहे. पिठाचे पाणी पिऊन नाचणारा मुलगा येथे पुन्हा दिसतो. दुसऱ्याच्या हातात जे आहे ते आपल्या हातात असावे, एवढेच त्याला कळते. ते हातात आल्यावर सांभाळावे कसे, याचा विचार त्याच्या मनाला शिवलेला नाही.

नंतर द्रोणांचा वध होतो. हा वध कसा झाला ते सर्वांना माहीत आहे. भीमाने मालवराज इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि आरोळी ठोकली. द्रोणांनी युधिष्ठिराला विचारले. युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मेला’ एवढे मोठ्याने म्हणाला आणि ‘हत्ती’ हा शब्द तोंडातल्या तोंडात बोलला. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हणच पडली, आणि कचेरीत कोणी धड हो म्हणेना की नाही म्हणेना, तर आपण ती वापरतो. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवले आणि धृष्टद्युम्नाने त्यांचे मस्तक तोडले. एका खोट्या शब्दाने दोन माणसांच्या जीवनाला डाग लागला : ज्याचे नाव घेतले गेले तो अश्वत्थामा, आणि ज्याच्या तोंडून ते निघाले तो धर्मराज. या दोघांची पुढची वाट शेजारी शेजारी ठेवून पाहा.

अश्वत्थाम्याची वाट एका वडाच्या झाडाखाली जाते. कृपाचार्य आणि कृतवर्मा झोपी गेले आहेत. याला झोप नाही. एक घुबड येते आणि झोपलेल्या कावळ्यांना मारते. याला युक्ती सुचते. कृपाचार्य जागे होऊन समजावितात : आज झोप घे, धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू, सकाळी समोरासमोर लढू. त्यावर हा म्हणतो की धर्माचा बांध पांडवांनी आधीच शतखंड केला आहे. माझ्या बापाला मारणाऱ्यांना मी झोपेत मारीन, मग मला किड्याचा जन्म आला तरी चालेल. हे वाक्य ऐकताना आपल्याला त्याचा राग येत नाही, कारण त्याची तक्रार खरी आहे! बापाच्या बाबतीत अन्याय झाला होता. व्यासांनी या माणसाच्या हाती खरी तक्रार दिली, आणि तिच्या आधारावर त्याला कोठपर्यंत जाऊ दिले ते पाहा. शिबिरात शिरून त्याने धृष्टद्युम्नाला लाथांनी मारले. निदान शस्त्राने मार, असे तो म्हणत असताना. द्रौपदीची पाच मुले मारली. सकाळी तो गंगेच्या काठी ऋषींमध्ये, अंगाला तूप आणि धूळ फासून बसलेला सापडला. भीम येताना दिसताच त्याने एक गवताची काडी उचलली आणि तिच्यावर ते ब्रह्मशिर सोडले.

अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले. पण सोडण्यापूर्वी त्याने कोणाचे कल्याण चिंतिले? पहिले आचार्यपुत्राचे, म्हणजे समोरच्या शत्रूचे. मग स्वतःचे आणि भावांचे. नारद आणि व्यास दोन्ही अस्त्रांच्या मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले परत घेतले. अश्वत्थाम्याला परत घेता येईना. सोडण्याचा मंत्र होता. आवरण्याला जे लागते ते त्याच्यापाशी नव्हते. परत घेता येत नाही म्हणून त्याने ते कोठे तरी वळवावयाचे, तर पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळविले. येथे कृष्णाने शाप दिला : तीन हजार वर्षे निर्जन रानात भटकशील, तुझ्याशी कोणी बोलणार नाही, रक्ताच्या आणि पुवाच्या दुर्गंधीत राहशील.

एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. कपाळावरची जखम आणि तेल या गोष्टी सौप्तिकपर्वात नाहीत. तेथे तो मस्तकावरचा मणी स्वतःच काढून देतो. भागवतात अर्जुन तो तलवारीने केसांसकट कापून काढतो. तेल मागणारा अश्वत्थामा लोकांनी घडविलेला आहे. आणि शापाची मुदत तर सरून गेली. आपल्या पंचांगाच्या हिशेबाने कलियुग लागून पाच हजार शंभराहून अधिक वर्षे झाली. तीन हजार वर्षांची शिक्षा भोगून हा गृहस्थ केव्हाच सुटावयास पाहिजे होता. तरी लोक त्याला सोडीत नाहीत. लोकांचा हिशेब चुकला, असे मला वाटत नाही. शिक्षा संपणे आणि जखम भरणे या दोन गोष्टी आहेत. मुदतीने पहिली होते. दुसरीला ‘हे मी केले’ असे म्हणावे लागते, आणि अश्वत्थामा ते म्हणाल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याच्या तोंडी शेवटपर्यंत धृष्टद्युम्न आहे, भीम आहे, पांडवांचा अधर्म आहे. काळ त्याला वाटेल तेवढा मिळाला. काळ मिळाला म्हणून माणूस वाढतो ही आपली एक गोड समजूत आहे. आम्ही शिक्षक मंडळी तिच्यावर विशेष विसंबून असतो.

आता युधिष्ठिर. हिमालयाच्या वाटेवर एक एक जण पडत जातो आणि भीम प्रत्येक वेळी विचारतो, हा का पडला? युधिष्ठिरापाशी उत्तर तयार असते. द्रौपदीचे अर्जुनावर अधिक प्रेम. सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा. शेवटी भीम पडतो. त्याला तो सांगतो, तू फार खात होतास आणि बळाची बढाई मारीत होतास. आणि मागे न पाहता पुढे चालू लागतो. मी लहानपणी हे वाचले तेव्हा मला धर्मराजाचा संताप आला होता, आणि आज वय झाल्यावरही तो पुरता गेलेला नाही. सर्वांचे दोष तोंडपाठ; स्वतःचा एकही नाही! द्यूत कोण खेळले? द्रौपदीला पणाला कोणी लावले? ‘हत्ती’ हा शब्द कोणी गिळला?

पण व्यास त्याला एवढ्यावर सोडीत नाहीत. स्वर्गाच्या दाराशी इंद्र म्हणतो, कुत्र्याला येथेच सोड. हा म्हणतो, आश्रयाला आलेल्याला सोडून मला स्वर्ग नको. हा प्रसंग आपण मुलांना सांगतो आणि येथे गोष्ट संपवितो. ती येथे संपत नाही. आत गेल्यावर त्याला सिंहासनावर बसलेला दुर्योधन दिसतो, आणि धर्मराज रागाने तोंड फिरवितो. स्वर्गात वैर नसते म्हणून नारदांना समजावावे लागते. भाऊ कोठे आहेत म्हणून तो विचारतो. देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीच्या वाटेने नेतो. परत फिरणार तोच आवाज येतात : जरा थांब, तुझ्या येण्याने वाऱ्याची झुळूक आली. ते आवाज कर्णाचे, भीमाचे, द्रौपदीचे. वाटेत ज्यांचे दोष त्याने मोजून दाखविले ती माणसेही त्यांत होती. तेव्हा तो देवांची निंदा करतो, धर्माचीही निंदा करतो, आणि देवदूताला म्हणतो, तू जा. मी येथेच राहतो. मग इंद्र येऊन सांगतो की द्रोणाला पुत्राच्या बाबतीत तू फसविलेस म्हणून तुला हा नरक पाहावा लागला. आणि धर्मराज यावर एक शब्दही बोलत नाही. ‘कृष्णाने सांगितले म्हणून बोललो’ हे उत्तर त्याच्यापाशी होते, आणि ते खोटेही नव्हते. त्याने ते दिले नाही.

दोघांच्या वाटा मला येथे फुटलेल्या दिसतात. दोष दोघांत होता, दोघांपाशी सबबही होती, आणि दोघांच्याही सबबी खऱ्या होत्या.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. पाश्चात्त्यांकडे गेल्या शतकात अद्भुत महाकथांचे मोठे पीक आले. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही त्रिखंडात्मक कथा १९५४-५५ साली निघाली. तिच्यातला फ्रोडो नावाचा लहानखुरा नायक एक सत्तेची अंगठी आगीत टाकावयास निघतो, मरणप्राय कष्ट सोसतो, आणि ऐन कड्यावर उभा राहून म्हणतो, ही माझी आहे, मी टाकणार नाही! अंगठी नष्ट होते ती वेगळ्याच कारणाने. घरी परतल्यावरही त्याची जखम दर वर्षी ठणकते. तेथेही जखम आहे, पाहिलेत?

मला याहून जवळची वाटते ती अर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईंची १९६८ सालची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. गेड हा खेड्यातला, आईवेगळा, बुद्धिमान आणि गर्विष्ठ मुलगा. विद्यालयातल्या एका श्रीमंत मुलाशी ईर्ष्या लागते, आणि बळ दाखविण्यासाठी तो मेलेल्याला बोलावण्याचा मंत्र म्हणतो. त्यातून एक काळी छाया बाहेर पडते आणि त्याचा चेहरा फाडते. सोडता आले, आवरता आले नाही, आपलाच अश्वत्थामा! पुढे तो त्या छायेपासून पळतो, मग उलट फिरून तिचा पाठलाग करतो, आणि समुद्राच्या पार टोकाला तिला गाठून तिचे नाव उच्चारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते. चेहऱ्यावरचा व्रण जात नाही. पण तो व्रण असतो, जखम नसते.

येथे मला माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे, नाही तर मीही सहदेवा-नकुलाचे दोष मोजीत बसल्यासारखे होईल. मास्तरकीच्या दुसऱ्या वर्षी मी एका मुलाची उत्तरपत्रिका वर्गासमोर फाडली. त्याने नक्कल केली अशी माझी खात्री होती. आठ दिवसांनी कळले की नक्कल शेजारच्याने केली होती. मुलगा गरीब घरचा. तो दुसऱ्या वर्षी शाळेत दिसला नाही. माझ्यामुळेच असे झाले असे म्हणण्याला पुरावा नाही, आणि याच पुराव्याच्या अभावावर मी पुष्कळ वर्षे काढली. वर्गात साठ मुले होती. पर्यवेक्षक दुसराच होता. मी तरुण होतो. सर्व खरे. चोवीस वर्षांनी एका लग्नात तो भेटला, पोराबाळांसह. पंगत उठल्यावर मी त्याला बाजूला घेतले आणि म्हटले, तो पेपर मी फाडला ते चूक होते. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मला वाटायचे तुम्ही विसरला असाल.” एवढेच. त्याने मला क्षमा केली की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

अलीकडे २०२४ साली ‘कल्की २८९८ एडी’ नावाचा एक मोठा तेलुगू चित्रपट आला. तुमच्या घरच्या मुलांनी तो पाहिला असेल. त्यात अमिताभ बच्चन अश्वत्थामा झाले आहेत, आणि सहा हजार वर्षांनी हा अश्वत्थामा एका गर्भवती स्त्रीचे रक्षण करावयास उभा राहतो. चित्रपटात उड्डाणे आणि मारामाऱ्या फार आहेत. माझ्या कानांना तो सोसला नाही. पण गर्भावर अस्त्र टाकणाऱ्याला गर्भाच्याच दाराशी पहारेकरी उभा करावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद दिली पाहिजे. माझी तक्रार एवढीच की तेथे हे काम त्याला कृष्ण आधीच नेमून देतो. नेमून दिलेले प्रायश्चित्त पार पाडणे सोपे असते. आपल्या डोंगरावरच्या अश्वत्थाम्याला कोणी काही नेमून दिलेले नाही. तो आपला तेल मागतो. मात्र मागावयास तो माणसांकडे येतो, हेही मी अलीकडे मनाशी नोंदवून ठेवले आहे.

आणि माणसे देतात. कृष्णाचा शाप असा होता की याच्याशी कोणी बोलणार नाही. तो शाप आपल्या या भागातल्या लोकांनी मोडला. आदिवासी बांधवांनी मोडला, खालच्या गावांनी मोडला. दर वर्षी ते त्याच्या घरी जातात. त्याने काय केले ते त्यांना माहीत नाही असे नव्हे.

उतरताना आम्ही एका ओढ्यापाशी थांबलो. मी वडिलांच्या पिशवीत हात घातला, तर बाटली रिकामी होती. मी म्हटले, “तेल कोणी मागितले?” ते म्हणाले, “कोणी मागितले नाही. वर दगडावर ओतून आलो.” मग त्यांनी ओढ्यात बाटली विसळली आणि प्यावयास पाणी भरून घेतले. त्या पाण्याला वाटभर तेलाचा वास येत होता.